नादकाटा आणि विरळ हवा

डॉक्टरांनी नादकाटा तळहाताच्या कडेवर हलकेच आपटला आणि त्याचा दांडा अक्कांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "बाई, कंप जाणवतो का?" अक्कांनी डोळे मिटून वाट पाहिली. काटा थरथरत आहे हे त्यांना ठाऊक होते. त्याचा बारीक गुंजारव कानांना ऐकूही येत होता. घोट्याला मात्र काहीच कळत नव्हते. तोच काटा कपाळावर टेकवला तेव्हा थरथर अशी स्पष्ट जाणवली की त्या दचकल्या.

एकतीस वर्षे शाळेत ध्वनीचा धडा शिकवताना अक्कांनी हाच प्रयोग करून दाखवला होता. कंप पावणारा काटा पाण्याच्या पृष्ठभागाला लावायचा, उडणारे तुषार पाहून मुलांनी हसायचे, मग एकेकाच्या कोपराला तो टेकवायचा. समोर बसलेला डॉक्टर त्याच वर्गातला. सांगलीत दवाखाना काढून त्याला वीस वर्षे झाली होती, तरी अक्का त्याच्यासाठी 'बाई'च होत्या. पुढे त्याने त्यांना पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगितले. तीन-चार क्षणांतच त्या एका बाजूला कलल्या आणि त्याने झटकन खांदा धरला.

अक्का आल्या होत्या वेगळ्याच कामासाठी. मुलगा लडाखमध्ये रस्तेबांधणीवर अभियंता. सून आणि नातू त्याच्याजवळ लेहला. दोन वर्षांत गाठ पडलेली नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात नातवाचा पाचवा वाढदिवस होता. विमानाचे तिकीट निघाले होते, सुनेसाठी लोकरी शाल आणि नातवासाठी बेसनाचे लाडू कसे न्यायचे याचाही विचार झाला होता. वयाची त्रेसष्ट वर्षे झाली म्हणून एकदा 'प्रवासास योग्य' एवढे डॉक्टरकडून लिहून घ्यावे, इतकेच मनात होते. पायांना मुंग्या येतात, जिभेची आग होते, जिना चढताना धाप लागते, हे त्यांनी सांगितलेही नसते. डॉक्टरांनीच त्यांचा फिकट, पिवळसर चेहरा पाहून विचारले, तेव्हा उत्तर आले, "वय झालं रे."

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. हिमोग्लोबिन ९.४. तांबड्या पेशी संख्येने कमी, आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या. जीवनसत्त्व ब-१२ नीचांकी. लोहाचा साठाही तळाला गेलेला.

डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पाच वर्षांपूर्वी यजमान गेले, त्यानंतर अक्कांनी रसपरित्याग म्हणून दूध आणि दही सोडले होते. रात्रिभोजनत्याग आणि कंदमुळांचा त्याग लहानपणापासूनचाच. भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळे असा त्यांचा आहार एरवी कोणीही वाखाणावा असा. शिवाय जळजळ होते म्हणून सहा वर्षे रोज सकाळी पित्ताची एक गोळी. ती कोणी दिली होती आणि कधी बंद करायची होती, हे त्यांना आता आठवत नव्हते. अशा गोळ्या किती घरांत याच रीतीने चालू आहेत, याची मोजदाद कोणी करीत नाही.

ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत आणि प्राणीही करीत नाहीत. ते केवळ सूक्ष्मजीव बनवतात. गाय चरते, तिच्या पोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातून आलेल्या कोबाल्टपासून ते घडवतात, आणि तेथून ते दुधात उतरते. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. अर्धा लिटर दुधातून ती बहुतांशी भागते. यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो. म्हणूनच दूध सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे काहीच जाणवत नाही आणि व्रताचा व व्याधीचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यात अन्नातील ब-१२ सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते. पित्ताची गोळी तेच आम्ल कमी करते. अक्कांच्या बाबतीत आवक थांबली होती आणि वाटही अरुंद झाली होती.

हा अहवाल घेऊन त्या घरी आल्या, तेव्हा भाचा ओसरीवर वाट पाहत होता. त्याचे औषधांचे दुकान. आत्यावर त्याचा मोठा जीव. त्याने आधीच एक पिशवी भरून आणली होती: क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, ई जीवनसत्त्वाच्या हिरवट कॅप्सूल, बहुजीवनसत्त्वांच्या दोन बाटल्या, फॉलिक आम्लाच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या. "आत्या, हे सुरू कर. तिथं ऑक्सिजन कमी असतो, शरीरात विष साठतं. हे सगळं ते धुऊन काढतं. मी पण घेणार आहे, मी येणार आहे तुझ्याबरोबर." अक्कांनी कॅप्सूल उन्हात धरून पाहिली आणि विचारले, "हे वरचं टरफल कशाचं?" भाचा गप्प झाला. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, हे औषधविक्रेत्याला ठाऊक असते. आत्याने विचारीपर्यंत त्याच्या मनात ते आले नव्हते. कॅप्सूल बाजूला पडल्या. राहिलेल्या गोळ्यांची यादी अक्कांनी फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवली.

"फॉलिक आम्ल एकटं घेऊ नका, बाई," डॉक्टर लगेच म्हणाले. "आधी ब-१२."

या सावधगिरीमागे एक जुनी कथा आहे आणि तिची सुरुवात मुंबईची आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर गर्भवती स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये हा आजार फार आढळे. त्यांच्या रक्तातही पेशी थोड्या आणि मोठाल्या असत. यीस्टचा स्वस्त अर्क दिला की या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे विल्स यांनी दाखवून दिले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला पुढे बराच काळ 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केलेले फॉलिक आम्ल ते हेच. ब-१२ चे लाल स्फटिक हाती आले १९४८ मध्ये. दोन्ही जीवनसत्त्वे रक्तपेशी घडवण्याच्या एकाच कामात हातात हात घालून असतात, त्यामुळे एकाची उणीव असताना दुसरे भरपूर दिले तर रक्त काही काळ सुधारलेले दिसते. परंतु मज्जातंतूंवरील आवरण सांभाळण्याचे काम ब-१२ चे. ते फॉलिक आम्लाला येत नाही. अहवाल सुधारत जातो, चेहऱ्यावर लाली येते आणि आत पाय बधिर होत राहतात. अक्कांच्या घोट्याला नादकाटा कळत नव्हता, त्या अवस्थेत भाच्याची ती प्रेमाने आणलेली पिशवी कदाचित सर्वांत मोठे नुकसान करून गेली असती.

डॉक्टरांनी जूनचा प्रवास रद्द करायला सांगितला. अक्का चिडल्या. "तू मला परीक्षेत नापास करतोस?" असे त्या म्हणाल्या, ते अर्धे विनोदाने आणि अर्धे खरेच. नातवाला त्यांनी फोनवर शब्द दिला होता. डॉक्टरांनी कागद ओढून घेतला आणि बाईंनी शिकवले असते त्याच पद्धतीने आकृती काढून त्यांना समजावले.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. दर श्वासागणिक फुप्फुसांत येणारा ऑक्सिजन सांगलीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश भरतो. शरीर लगेच श्वास वाढवते, हृदयाची गती वाढवते. मूत्रपिंडे काही तासांतच एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडून अस्थिमज्जेला निरोप धाडतात की अधिक तांबड्या पेशी तयार करा. पहिल्या दोन-चार दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा वाढतो, परंतु तो बहुतांशी रक्तातील पाणी कमी झाल्यामुळे. नव्या पेशींची खरी भर पडायला आठवडे लागतात. आणि तो निरोप पोचला तरी मज्जेजवळ ब-१२ नाही, लोह नाही, तर ती पेशी घडवणार कशातून? ज्याचे हिमोग्लोबिन सपाटीवरच ९.४ आहे, त्याच्या रक्तातील ऑक्सिजन वाहणाऱ्या गाड्या मुळातच एक-चतुर्थांशाने कमी. वर गेल्यावर त्या उरलेल्या गाड्याही पुऱ्या भरणार नाहीत.

"मग जीवनसत्त्वं जास्त घेतली तर शरीर कमी ऑक्सिजनमध्ये भागवणार नाही का?" अक्कांनी विचारले. भाच्याचाही प्रश्न तोच होता, आणि तो अडाणीपणाचा नव्हे.

वारणेकाठी वाढलेल्या माणसाला याचे उत्तर गुऱ्हाळावर सापडते. चुलवाणात चिपाडे जळतात, वर काहिलीत रस आटतो. पेशींमध्ये ग्लुकोजचे ज्वलन होते तेव्हा ब-१, ब-२, ब-३ ही जीवनसत्त्वे जाळ घालणाऱ्या गड्यांसारखी असतात. एक इंधन आत सरकवण्याच्या कामी येतो, दुसरे दोन त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन उचलून पुढे नेतात. गडीच आले नाहीत तर जाळ पडतो, हे खरे. परंतु त्या इलेक्ट्रॉनांना शेवटी स्वीकारणारा ऑक्सिजनच असतो. चुलवाणाचे तोंड बुजले असताना गड्यांची संख्या दुप्पट केली तर धूर वाढतो, गूळ वाढत नाही. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेची सुमारे ३० चलने मिळतात. तो नसताना केवळ दोन, आणि मागे उरते लॅक्टिक आम्ल. ही तूट कोणतेही जीवनसत्त्व भरून काढीत नाही.

यात एक सूक्ष्म गोष्ट मात्र मनाला चकित करते. पेशीला ऑक्सिजन कमी झाल्याचे कळते कसे, याचा शोध लावल्याबद्दल २०१९ चे नोबेल पारितोषिक विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळाले. ज्या विकराच्या साहाय्याने ही जाणीव होते, त्याला काम करण्यासाठी ऑक्सिजनबरोबर लोह लागते आणि क जीवनसत्त्वाचीही मदत लागते. म्हणजे जीवनसत्त्वाचा आणि विरळ हवेचा संबंध कल्पित नाही, तो पेशीच्या अगदी गाभ्यात आहे. पण खुंटीला टोपी एकच अडकते. घरात दहा टोप्या आणल्या म्हणून भिंतीवरच्या खुंट्या वाढत नाहीत. ही शंका प्रत्यक्ष तपासूनही पाहिली गेली आहे. बोलिव्हियात ५२०० मीटर उंचीवर गेलेल्या ८३ निरोगी स्वयंसेवकांपैकी काहींना क व ई जीवनसत्त्वे आणि लायपोइक आम्ल भरपूर मात्रेत दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या दिल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की उंचीचा त्रास दोन्ही गटांना सारखाच झाला.

अक्कांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तिकीट सप्टेंबरचे काढायला सांगितले. नातवाला फोन करण्याचे काम मात्र त्यांनी दोन दिवस पुढे ढकलले.

इंजेक्शनांपूर्वी त्यांचा आणखी एक प्रश्न होता: हे ब-१२ येते कोठून? कारखान्यात मोठ्या पिंपांत सूक्ष्मजीव वाढवून ते मिळवतात, हे डॉक्टरांनी न लपवता सांगितले. अक्का एक रात्र विचारात पडल्या. दूध पुन्हा सुरू करणे हा सोपा मार्ग होता आणि घरच्या सर्वांचा आग्रह तोच होता. त्यांनी व्रत मोडायचे नाही आणि औषध नाकारायचेही नाही असे ठरवले. "विरजणात तरी दुसरं काय असतं," एवढेच त्या सुनेला फोनवर म्हणाल्या. या निर्णयावर समाजात दोन मते होऊ शकतील. शरीर हे साधनेचे साधन मानणाऱ्यांना तो पटावा.

आरंभी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक इंजेक्शन. आठवड्याभरात रक्तात नव्या, कोवळ्या पेशी दिसू लागल्या. जिभेची आग दहा दिवसांत थांबली. जूनच्या मध्याला हिमोग्लोबिन ११.२ झाले आणि तेथेच अडले, कारण नव्या पेशी घडवताना उरलेसुरले लोहही संपले होते. मग लोहाची गोळी, लिंबाच्या पाण्याबरोबर आणि चहापासून दोन तास दूर. फॉलिक आम्ल आता योग्य जागी, अल्प मात्रेत आले. पित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. ऑगस्टच्या अखेरीस आकडा १२.६ वर गेला. वाढदिवस मात्र त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. नातू मेणबत्ती फुंकताना नेमका आवाज तुटला.

सप्टेंबरमध्ये आत्या आणि भाचा लेहला उतरले. विमानतळावरून घरी जाताना दोघांनाही काही झाले नाही, आणि तेथेच माणूस फसतो. उंचीचा त्रास सहसा काही तासांनी सुरू होतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून अक्कांनी ॲसिटाझोलामाइडची अर्धी गोळी आदल्या दिवसापासून दोन वेळा सुरू केली होती; हे औषध श्वासाला चालना देऊन शरीर जुळवून घेण्याचा वेग वाढवते. भाच्याच्या दुकानात ती गोळी फळीवर होती, पण त्याने जीवनसत्त्वांवर भरवसा ठेवला होता. बोटाला लावायच्या यंत्रावर अक्कांचा ऑक्सिजन ८६ आणि भाच्याचा ८९ दिसला. तो खूश झाला.

पहिल्या रात्री अक्कांचे डोके दुखले, झोप तुटक लागली. पहाटे बोटांना मुंग्या आल्या आणि त्या घाबरून उठून बसल्या. जुने दुखणे परतले असे वाटले. सकाळी फोनवर डॉक्टर हसले. "बाई, त्या गोळीनंच येतात मुंग्या. बंद केली की जातील." सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम तेथे अवघड गेला नाही, कारण उंचीवर भूकच मंदावते. पाण्याची सूट त्यांनी निघतानाच घेतली होती. कोरड्या हवेत, वाढलेल्या श्वासाबरोबर शरीरातील पाणी फार जाते. उकळलेल्याच पाण्याचा त्यांचा नियम पाहून नातवाने किटलीत शाळेचा थर्मामीटर बुडवला आणि ओरडला, "आजी, अठ्ठ्याऐंशीलाच उकळलं!" कमी दाबाखाली पाणी लवकर उकळते, हा धडा अक्कांनी कितीदा शिकवला असेल, पाहिला आत्ता. त्याच कारणाने तेथे डाळ कुकरशिवाय शिजत नाही.

दोन दिवस त्या अंगणातील जर्दाळूच्या झाडाखाली बसून राहिल्या. भाचा दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या मोटारीने खारदुंग ला पाहायला गेला. ती खिंड ५३५९ मीटरवर, जेथे हवेचा दाब सपाटीच्या जवळपास निम्मा. संध्याकाळी त्याला दोघांनी धरून घरात आणले. डोके फुटत होते, वांत्या थांबत नव्हत्या. रात्रभर रुग्णालयात ऑक्सिजन लावावा लागला. तेथील तरुण डॉक्टरांनी पिशवीतील गोळ्या पाहिल्या, त्यांनी अपाय झालेला नाही असे सांगितले आणि पुढचे तीन दिवस घराबाहेर पडू दिले नाही. अक्का त्याच्या उशाशी बसून त्याला लेहबेरीचा आंबट रस चमच्याने पाजत होत्या. लडाखमधील त्या काटेरी झुडपाच्या फळांत क जीवनसत्त्व विपुल असते, हे भाच्यानेच त्यांना विमानात सांगितले होते. आता दोघांपैकी कोणीही तो विषय काढला नाही.

परत आल्यावर पुन्हा नादकाटा लागला. उजव्या घोट्याला कंप कळला. डाव्या पायाच्या अंगठ्याला कळला नाही. तो कदाचित कधीच कळणार नाही, कारण आवरण गेलेल्या तंतूंना उशिरा आलेले औषध थोडेच परत आणते. महिन्याच्या इंजेक्शनाची तारीख आता दिनदर्शिकेवर अष्टमी-चतुर्दशीच्या शेजारी लाल पेनाने लिहिलेली असते. पहाटे बस्तीच्या पायऱ्या उतरताना अक्का एक हात कठड्यावर ठेवतात आणि डावे पाऊल टेकेपर्यंत नजर त्याच्यावरून हलवीत नाहीत.